बैलाला न्हाऊ घालणारी

महायुद्धाच्या वर्षांत मी कशेळ्याच्या शाळेत मास्तर होतो. सकाळी ओढ्यावर अंघोळीला गेलो की एक बाई रोज दिसायची. रुंद शिंगांच्या एका काळ्या बैलाला पाण्यात उभं करून ती पेंढ्याच्या बोळ्याने घासायची, त्याच्या कानामागचे गोचीड वेचायची. बैल डोळे मिटून उभा असायचा.

एकदा तिच्या शेजारच्या शेतकऱ्याने मला सांगितलं, की याच बैलाने गेल्या पेरणीला तिच्या नवऱ्याला शिंगावर घेतलं आणि त्यातच तो गेला. गावाने बैल कसायाला द्यायचं ठरवलं, तेव्हा ही गोठ्याच्या दारात आडवी बसली.

मला राहवलं नाही. दुसऱ्या सकाळी तिला विचारलं, "मावशी, तुम्हांला याचा राग नाही येत?"

तिचा हात थांबला. "आला ना, मास्तर. कोयता घेऊन गोठ्यात गेलेली मी. पन मनात आलं, मागल्या जन्मी आमच्या ह्यांनीच याला मारलं आसंल तर? त्या दोगांचं वैर फिटलं. आता मी कोयता घातला, तर फुडल्या जन्मी ह्यो माज्या दारात येनार. कुनी तरी थांबाया नको का?"

एवढं बोलून तिने बैलाच्या दोन शिंगांच्या मधोमध आपलं कपाळ टेकवलं. मी मात्र नकळत दोन पावलं मागे सरलो होतो.

पुनर्जन्म खरा की खोटा, मला आजही ठाऊक नाही. पण त्या शिंगांमध्ये कपाळ ठेवता येईल, इतका माझा कशावरच विश्वास नाही.