मॅडमची तकरार

आमच्या कारखान्यात ‘पाटन’ हे केवळ गावाचे नाव राहिलेले नव्हते. ते एखाद्या आजारासारखे वापरले जाई. कोणाची बदली पाटनच्या संकलन केंद्रावर झाली की लोक म्हणत, ‘‘उसका पाटन हो गया.’’ केंद्र तसे वाईट नव्हते. शेतकऱ्यांचा मटार तेथे तोलला जाई, निवडला जाई आणि जबलपूरला आमच्याकडे गोठवण्यासाठी येई. मात्र हंगाम सरला की तेथे काम उरत नसे, कामाबरोबर पगारही आटे, आणि शहरात घर असणाऱ्याचा दिवस बसमध्येच जाई. शिक्षा म्हणून कोणास पाठवले, असे कधीच सांगितले गेले नाही. ‘‘वहाँ आपकी जरूरत है,’’ एवढेच व्यवस्थापक हसतमुखाने म्हणत. ज्याची अशी गरज निर्माण होई, त्याने थोडे आधी कशाची तरी शिकायत केलेली असे. एकाने वाफेच्या नळीची केली होती, दुसऱ्याने सरकत्या पट्ट्यावरच्या निघालेल्या जाळीची. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. नळी आणि जाळी पुढे दुरुस्तही झाल्या. माणसे परतली नाहीत.

या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा माझ्या वर्गमैत्रिणी निवृत्तीच्या गोष्टी करीत होत्या. रसायनशास्त्राची पदवी मी वेळेवर घेतली होती. नोकरी तेवढी राहून गेली. पतीच्या बँकेतल्या बदल्या आणि मुलीचे शिक्षण आटोपले, शेवटच्या बदलीने आम्हांला जबलपूरला आणले, आणि मदन महल भागातल्या भाड्याच्या घरात दुपारी करण्यासारखे काही उरले नाही. मी मुळात अबोल आहे. चारचौघांत बोलायचे तर वाक्य आधी मनात जुळवावे लागते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. हिंदीत तर दोन विषय बदललेले असतात.

जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंग विभागाच्या मुकादम बाईंबरोबर बसत असे. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच लहान, पण येथील रीतीप्रमाणे मी त्यांना दीदी म्हणे आणि त्या मला मॅडम. त्यांचे घर खमरियाच्या बाजूला. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. दिवसा शेजारीण लक्ष ठेवी आणि संध्याकाळी तिचा नवरा कामावरून येण्यापूर्वी दीदींना घर गाठावे लागे. या वेळापत्रकात पाटन बसणे शक्य नव्हते.

एकदा डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, कल तो मैं अंदर ही रह गई थी.’’

‘‘कुठे अंदर?’’ मी गोंधळून मराठीतच विचारले.

‘‘कोल्ड रूम में. दरवाजा लग गया. मैंने सोचा, चलो, अब अगले सीजन तक मैं भी ताजी रहूँगी.’’

त्या हसल्या. मीही हसले, आणि मग हसणे थांबवले. शीतगृहाच्या जाड दाराला आतून एक मोठी गोल खुंटी असते. ती ढकलली की बाहेरची कडी सुटते. आमच्या दाराची खुंटी बर्फ धरून अडकली होती. कामगारांना ते ठाऊक होते, म्हणून आत जाताना ते दारात लाकडी पाचर लावीत. पाचरीमुळे थंडावा बाहेर पडतो म्हणून व्यवस्थापनाने ती लावण्यास बंदी केली होती. त्या दिवशी कोणीतरी बंदीचे पालन केले. दीदी आतून दार ठोकत राहिल्या; एक हमाल दुसऱ्याच कामासाठी आला आणि त्याने दार उघडले.

‘‘हे सांगायला हवे,’’ मी म्हणाले.

त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला. ‘‘मॅडम, मेरा नाम मत लीजिएगा. मेरा पाटन हुआ तो बाबूजी को कौन देखेगा?’’

संध्याकाळी मी पतीला विचारले. ते नागपूरचे, घरी बोलताना ते तिकडचेच राहतात. ‘‘तू काहून मधात पडून राहिली?’’ ते म्हणाले. ‘‘दार तुह्या लॅबचं आहे का?’’ थोड्या वेळाने, टीव्हीचा आवाज कमी करून, त्यांनी पुढे सांगितले, ‘‘आणि बोलायचंच असंन तर स्वतः पाहून बोल. दुसऱ्याचं ऐकून बोलली, की पहिला प्रश्न येतो, कोणी सांगितलं?’’

सल्ला बँकेतल्या अनुभवाचा होता. दुसऱ्या दिवशी नमुने घेण्याच्या निमित्ताने मी शीतगृहात गेले, दारात पाचर लावली आणि आतून खुंटी ढकलून पाहिली. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग खांद्याने. ती हलली नाही. आता जे मी सांगणार होते, ते माझे होते.

सोमवारच्या बैठकीसाठी वाक्य मनात तयार होते. व्यवस्थापकांनी नेहमीप्रमाणे ‘‘और किसी को कुछ?’’ असे विचारले तेव्हा मी उभी राहिले. उभे राहण्याची तेथे पद्धत नव्हती. सर्वांनी माझ्याकडे पाहिले आणि तयार वाक्यातला ‘शिकायत’ हा एकच शब्द ऐन वेळी निसटला. त्याच्या जागी घरचा शब्द आला.

‘‘सर, मुझे एक तकरार करनी है.’’

सगळे टेबल हसले. आपण जिला तक्रार म्हणतो, तिला हिंदीत शिकायत म्हणतात. तिकडे तकरार म्हणजे भांडण. मी व्यवस्थापकांशी भांडण्याची परवानगी मागितली होती.

‘‘सुबह-सुबह, मॅडम?’’ व्यवस्थापक म्हणाले. ‘‘चाय तो पी लेने दीजिए.’’

देखभाल विभागाच्या प्रमुखांनी जोड दिली, ‘‘तकरार के लिए घर पर भाईसाहब हैं ना. हमारी बारी क्यों?’’

कानापर्यंत तापलेल्या अवस्थेत मी उरलेले वाक्य पूर्ण केले: शीतगृहाचे दार आतून उघडत नाही, खुंटी अडकली आहे, मी स्वतः ढकलून पाहिले आहे.

‘‘अच्छा,’’ व्यवस्थापक म्हणाले. ते अजून हसत होते. ‘‘पर आपको बताया किसने?’’

‘‘मैंने खुद देखा.’’

‘‘वो तो ठीक. देखने को कहा किसने?’’

आता टेबलावर कोणी हसत नव्हते. दीदी भिंतीशी बसल्या होत्या. मी त्या बाजूला पाहिले नाही. सुचले तेवढेच बोलले, ‘‘सर, तकरार मेरी है. पूरी मेरी है.’’

पुन्हा हशा झाला, पहिल्याहून मोठा. व्यवस्थापकांनी देखभाल प्रमुखांकडे हात केला, ‘‘जाओ भाई, मॅडम की तकरार मिटाओ. नहीं तो ये हमको छोड़ेंगी नहीं.’’

ती त्याच दिवशी मिटली. खुंटी काढून, तेल देऊन, आतला वाकलेला दांडा बदलून बसवण्यात आली. मी चूक केली नसती, योग्य शब्द वापरला असता, तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. शिकायत एखाद्याविरुद्ध असते. ती वर जाते आणि वरून काहीतरी खाली येते. तकरार दोघांत होते, लोक ती पाहून हसतात, आणि मिटली की मिटते. एवढा फरक मला नंतर दिसला. तेव्हा फक्त लाज वाटत होती.

त्या हंगामात माझे नावच ‘तकरार मॅडम’ पडले. जिन्यात, पाण्याच्या नळाशी लोक हळूच म्हणत, ‘‘मॅडम, एक छोटी तकरार हमारी भी थी.’’ ओला जिना, उघडी वायर, फाटलेले हातमोजे. मी जाऊन स्वतः पाहत असे आणि सोमवारी स्वतःची म्हणून सांगत असे. काही गोष्टी दुरुस्त झाल्या. काहींवर नुसताच विनोद झाला, आणि त्या तशाच राहिल्या. त्या हंगामात या कारणावरून कोणी पाटनला गेले नाही. मला पाठवता येण्याजोगे नव्हते. तेथे प्रयोगशाळा नाही.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर दीदी उठून उभ्याच राहिल्या. ‘‘मॅडम, बुरा मत मानिएगा. सर पूछ रहे थे, मॅडम तुम्हारे साथ बैठकर क्या बात करती हैं.’’

‘‘मग तुम्ही काय सांगितले?’’

‘‘मैंने कहा, सब्जी की.’’ त्यांनी आवाज आणखी खाली नेला. ‘‘आप उधर बैठ जाया कीजिए ना.’’

प्रयोगशाळेत खाण्यास मनाई आहे, म्हणून मी मागच्या जिन्यावर बसू लागले. तेथून शीतगृहाचे दार दिसते. दीदी आत जात, दार त्यांच्यामागे पूर्ण लागे, आणि थोड्या वेळाने त्या बाहेर येत. आम्ही एकमेकींकडे पाहत नसू.

हंगाम संपला त्या दिवशी व्यवस्थापकांनी आवारात सर्वांना जमवून पाटनला कोणाकोणाची गरज आहे ते सांगितले. तिघे होते, तिघेही नवे, आणि तिघांनी यंदा तोंडही उघडले नव्हते. त्यांची निवड कशी झाली, ते मला कळले नाही. दीदींचे नाव त्यांत नव्हते. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा आता अडचण राहिली नाही अशा समजुतीने मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कार्यालयाच्या खिडकीकडे.

‘‘अगला सीजन भी तो आएगा ना, मॅडम,’’ त्या म्हणाल्या.

मग माझ्या डब्याचे झाकण घेऊन त्यांनी त्यावर हिरव्या मिरचीचे लोणचे वाढले आणि झाकण माझ्या हातात दिले. मी जिन्यावर जाऊन जेवले.