खोटी नोटीस आणि न बसणारं दार

एक खोटी नोटीस आणि मिरचीचा एक ठसका, दोन्ही अजून माझ्या घशात अडकून बसले आहेत. पोलीस खात्यात उभी हयात गेली. शिपाई म्हणून लागले, रात्रपाळ्या करता करता स्वतःच पुस्तकं वाचून खात्याच्या परीक्षा दिल्या आणि सहायक निरीक्षक झाले. प्रेतं पाहिली, दंगलीत दगड खाल्ले. पण भीती म्हणजे नेमकं काय, हे मला पनवेलच्या जुन्या वस्तीत, एका मसाल्याच्या गिरणीसमोर, भर उन्हात कळलं. निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष राहिलं होतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून आहेत आणि मला रस्त्यात भेटतात.

तर कसं असतं, एप्रिल-मे आला की पालिकेची दरवर्षीची कामं निघतात. नाले उपसायचे, तारांवर आलेल्या फांद्या छाटायच्या आणि जुन्या इमारती तपासून धोकादायक असतील त्यांच्यावर नोटिसा चिकटवायच्या. लोक घरं सोडत नाहीत, भांडतात, म्हणून बंदोबस्ताला आम्हाला बोलावतात. त्यामुळे ती नोटीस माझ्या चांगल्या ओळखीची होती.

त्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास सात-आठ बायका आणि दोन पुरुष ठाण्यात शिरले. सगळे एकदम बोलत होते. ठाणे अंमलदार ओरडला, "एकेक बोला हो, मासळी बाजार आहे का हा?" त्यावर एक म्हातारी पुढे आली. "मासळी बाजारातलीच हाय मी. तुजा आवाज माज्यापेक्षा मोठा हाय का?" अंमलदाराने खुर्ची पुढे सरकवली.

ही आजी मूळची उरणकडची. जन्म मासळी विकण्यात गेला, आता लेकाबरोबर इथे राहत होती. लेक बंदरात कामाला, आठ-आठ दिवस बाहेर. त्यांची इमारत तीन मजली, नऊ बिऱ्हाडांची. तळमजल्यावर मसाल्याची गिरणी आणि बरोबर तिच्या डोक्यावर आजीची खोली. दुपारी दोन ते चार, लोक जेवून आडवे झालेले असताना, कुणीतरी जिन्याजवळ नोटीस लावून गेलं होतं: इमारत धोकादायक आहे, तीन दिवसांत रिकामी करा. अर्ध्या तासात फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. संध्याकाळपर्यंत पाच बिऱ्हाडं पोरंबाळं घेऊन खांदा कॉलनीत नाही तर रोडपालीला, ज्याला जे पाहुणे होते त्यांच्याकडे गेली. राहिलेल्यांनी ती रात्र खाली रस्त्यावर खुर्च्या टाकून काढली.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत गेले. तिथली कनिष्ठ अभियंता मुलगी हुशार. तिने नोंदवही उघडून दाखवली.

"मॅडम, ही आमची नाही. या जावक क्रमांकावर आमच्याकडून झाड छाटायच्या परवानगीचं पत्र गेलंय. आणि ही इमारत तीस वर्षांची झालेली नाही, त्यामुळे आमच्या पाहणीत येतच नाही. तरी मी येऊन एकदा बघून जाऊ का?"

मी काय म्हणाले असेन? "सवडीने या. आधी मी तो खोटारडा पकडते."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

माझ्या डोक्यात चित्र तयार होतं. जुनी वस्ती, मोक्याची जागा, कुणाला तरी लोक हुसकून टॉवर बांधायचा असणार. असली प्रकरणं आमच्या भागात नवी नाहीत. बनावट सरकारी कागद, म्हणजे सरळ दखलपात्र गुन्हा. डायरीला नोंद घेतली, पंच बोलावून नोटीस भिंतीवरून अलगद सोडवली आणि मुद्देमाल म्हणून पाकिटात घातली. मग जिन्यात उभी राहून मोठ्याने सांगितलं, "नोटीस खोटी आहे. पाहुण्यांकडे गेलेत त्यांना परत बोलवा. घाबरायचं काही कारण नाही."

आजी दारातच उभी होती. म्हणाली, "बाय, आमचा दार बसत नाय. म्हैना झाला."

"लाकूड फुगलं असेल आजी. सुतार बोलवा."

"भांडी पन वाजतान."

"खाली डंके चालतात दिवसभर, वाजणारच की."

मी तिचा हात धरून तिला आत नेलं, खाटेवर बसवलं, तिच्या हातचं पाणी प्यायले. खाली मिरची कांडपाचे डंके धप धप, धप धप चालूच होते. वर्षाच्या मसाल्याचे दिवस, बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या. मला ठसका लागला. आजी हसून म्हणाली, "पोलिसाला पन लागतो व्हय ठसका?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊच्या नऊ बिऱ्हाडं परत आली. मला फार बरं वाटलं. कामाची बाई म्हणून मिरवायची मला हौस होतीच, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी सकाळी पालिकेच्या नोटिसा चिकटवणाऱ्या मुकादमाला जबाबासाठी बोलावलं. पन्नाशीचा, शांत माणूस. मी नोटीस टेबलावर ठेवली. त्याने छापलेली बाजू पाहिलीच नाही. कागद उलटा केला, नखाने वाळलेली खळ खरवडली आणि नाकाशी नेली. मग कागद अलगद टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"मॅडम, रंग बघा. निळसर आहे ना? मोरचूद आहे. खळीत मोरचूद घातलं की झुरळं, उंदीर कागद खात नाहीत. आम्हाला आता गोंदाचे डबे मिळतात, खळ कोण शिजवत बसतो? आणि चारी कोपरे दोनदा लिंपलेत. एवढं मन लावून खोटी नोटीस कोण लावेल?"

"कोण लावेल?"

त्याने मान खाली घातली. "मला ज्यांनी चिकटवायला शिकवलं ते. मी सांगितलं असं नका सांगू. मला मुलासारखं वागवलंय त्यांनी."

त्याला शिकवणारा तो म्हातारा पालिकेतून बिगारी म्हणून निवृत्त झालेला, राहायला विचुंब्याला. तीस वर्षं अभियंत्यांच्या मागे खळीची बादली घेऊन फिरलेला. चोरून नोटीस लावायची होती तर चिकटपट्टी मारून पळायचं. पण हाताची सवय. खळ शिजवली, मोरचूद घातलं, भिंत पुसून घेतली, कोपरे लिंपले. माणूस तोंडाने खोटं बोलतो, हातांना ते जमत नाही. हे मी पुढे नव्या फौजदारांनाही सांगत आले.

साडेअकरापर्यंत म्हातारा माझ्यासमोर होता. धुतलेला सदरा, हातात छत्री, बोटं निळसर. मी चहा मागवला. चौकशीत मी आधी चहा देते. कप धरलेला हात कसा हलतो त्यावरून पुष्कळ कळतं.

"तात्या, कुणासाठी लावलीत नोटीस? कुठला बिल्डर?"

"मी नाही लावली."

"बोटं बघा तुमची."

त्यांनी बोटं सदऱ्यात लपवली, लहान मुलासारखी. "मी नाही लावली."

"जुन्या नोटिशीची झेरॉक्स काढून पत्ता बदललात. जावक क्रमांक मनाचा टाकलात. या वयात जेलमध्ये बसायचंय?"

कप अजिबात हलत नव्हता. मला वाटलं, माणूस पक्का आहे. मग त्यांनी हळूच विचारलं, "लोक गेले ना पण इमारतीतून?"

"गेले होते. परत आले सगळे. मी स्वतः वर सोडलं त्यांना."

कप बशीवर कलंडला. चहा टेबलावरून माझ्या कागदांवर आला तरी म्हातारा बघतच राहिला.

"सगळे? माझी लेक पण?"

"तुमची लेक तिथे राहते?"

त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, मला आत टाका, पाहिजे ते करा. पण आधी त्यांना खाली आणा. खांब कापलाय त्याने. गिरणीतला खांब कापलाय!"

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. जावई त्याच गिरणीत कामाला, घर वरच्याच मजल्यावर. म्हातारा वर्षाच्या मिरच्या दळायला गेला तर आत नवं, मोठं यंत्र. ते बसावं म्हणून मालकाने मागचा खांब अर्धा तासून घेतलेला आणि पुढे पोत्यांची थप्पी लावलेली. तीस वर्षं अभियंत्यांना खांब ठोकून बघताना पाहिलेला माणूस हा. त्याने छत्रीच्या दांड्याने ठोकलं, तर आवाज भद्द. मालकाला बोलला. मालक हसला, "तात्या, जावयाची नोकरी नकोशी झाली का? लेकीला घेऊन जायचंय का परत माहेरी?" तक्रारीवर नाव आलं असतं तर लेकीचा संसार उठला असता. म्हणून नावाशिवायची नोटीस.

"आणि जावई?"

"त्याला माहीतच आहे सगळं. तोही घाबरतो."

हे ऐकता ऐकता मला आजीचं दार आठवलं. लाकूड फुगलं असेल, असं मी म्हणाले होते. मे महिन्यात! पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं अडकतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मेच्या उन्हात लाकूड सुकतं, आक्रसतं. महिनाभर दार बसत नाही म्हणजे चौकट दबते आहे.

अग्निशमनला फोन केला, त्या अभियंता मुलीला केला आणि म्हाताऱ्याला घेऊन जीपने निघाले. गिरणीसमोर बारा-पंधरा बायकांची रांग, डंके जोरात. धप धप, धप धप. मालक आडवा आला. "मॅडम, सीझन आहे. आत्ता बंद नाही करता येणार." मी त्याला बाजूला सारून मेन स्विच ओढला.

डंके थांबले. आणि त्या शांततेत आम्हाला तो आवाज आला. करकर, करकर. थप्पीमागून बारीक रेती गळत होती. शिपायांनी दोन पोती ओढली. खांब उष्ट्या कणसासारखा दिसत होता, गज उघडे आणि वाकलेले.

"बायांनो, पिशव्या सोडा आणि लांब व्हा!" मी ओरडले. माझे शिपाई वर धावले. दहा मिनिटांत आठ बिऱ्हाडं खाली. म्हाताऱ्याची लेक नातवाला कडेवर घेऊन आली आणि बापाला बघून जागच्या जागी थिजली. आजी मात्र आली नाही. मी वर गेले, तिने कसंबसं रेटून लावलेलं दार ठोकलं.

"आजी, खाली चला. लगेच!"

आतून आवाज आला, "परवा तू बोल्लीस भ्यावाचा नाय. आज बोलतेस खाली उतर. तुजा खरा काय गो?"

मी म्हणाले, "आजी, परवा मी चुकले. बघितल्याशिवाय बोलले. आता बघून आलेय."

कडी वाजली. दार हललं नाही. पुन्हा ओढलं, नाही. "बाय," आजीचा आवाज एकदम बारीक झाला, "दार येत नाय गो!"

शिपायाने लाथ मारायला पाय उचलला. मागून तात्या ओरडले, "लाथ नको! हादरा नको! फळी कापा खालची!" मी त्यांना खाली थांबायला सांगितलं होतं, तरी ते जिना चढून आले होते. अग्निशमनची गाडी अजून वाटेतच होती. पण अभियंता मुलीने जवळ फांद्या छाटत असलेली पालिकेची टोळी पाठवून दिली होती. त्यांच्यातला एकजण करवत घेऊन वर आला. गुडघ्यावर बसून तो दार कापत होता. वरून आमच्या केसांवर चुन्याचा भुगा पडत होता. मी फळीला हात लावून नुसतं म्हणत होते, "आहे मी आजी, इथेच आहे." मला भिंतीला टेकावंसं वाटत होतं आणि भिंतीला टेकायची भीती वाटत होती.

भोक पडलं. पहिल्यांदा बाहेर आली ती मसाल्याची बरणी.

"आजी, बरणी राहू दे!"

"वरसाचा मसाला हाय. धर!"

मग आजी सरपटत आली. मी तिला अक्षरशः उचललं. बरणी कापणाऱ्याने घेतली. जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू लागले, पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या बाजूचा कोपरा आजीच्या खोलीसकट खाली बसला. आत कुणी नव्हतं.

मालकावर गुन्हा दाखल झाला. तात्यांवरही करावा लागला, कागद बनावट होता हे मला लपवता येत नव्हतं. पण अहवालात मी सगळं लिहिलं. अभियंता मुलगी पाहणीला यायला तयार होती आणि मी सवडीने या म्हणाले, हेसुद्धा. वरिष्ठ म्हणाले, "हे कशाला लिहिता?" मी म्हटलं, "झालंय ना, मग लिहिते." कोर्टाने तात्यांना समज देऊन सोडलं. जावयाची नोकरी अर्थातच गेली. नवी मिळेपर्यंत लेक सहा महिने विचुंब्याला होती. म्हाताऱ्याला ज्याची भीती होती ते झालंच, पण नातू अंगणात खेळत होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं म्हणाल, तर मी खोटं पकडण्यात इतकी गुंतले की घाबरलेली माणसं काय सांगताहेत ते ऐकलंच नाही. आजीने मला पुरावा हातात दिला होता आणि मी तिला सुतार बोलवायला सांगितलं. त्यानंतरच्या दीड वर्षात ठाण्यात कितीतरी माणसं घाबरून आली. "घाबरू नका" असं मी कुणालाच म्हणाले नाही. विचारायची, "कशाला घाबरता? चला, दाखवा."

आजी आता लेकाबरोबर रोडपालीला असते. मी अधूनमधून जाते. कुणाच्याही घरी गेले तरी आत शिरल्यावर दार मी स्वतः लावून बघते. ते नीट बसलं की मगच चप्पल काढते. आजीला हे माहीत आहे. ती आतून विचारते, "बसला का गो बाय?"