हळदीच्या बोर्डाचा पिवळा

माझ्या मॉनिटरच्या कडेला एक यादी चिकटवलेली असे. बोर्डाचं माप फुटांत पुन्हा विचारणे. फाइल दहाव्या हिश्शाच्या मापात करणे, म्हणजे फ्लॉपीत मावते. पाइप घालायला चारी बाजूंनी जागा सोडणे. फ्लॉपी दोन करणे, एक बिघडली तर दुसरी. असे एकंदर सात मुद्दे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याहून लग्न करून सांगलीत आल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, आणि नुकतेच फ्लेक्सचे मोठे बोर्ड. ते छापायला फ्लॉपी एस.टी.च्या पार्सलने पुण्याला जायची.

हळदीच्या व्यापाऱ्याचं काम माझ्याकडे आणलं ते पेंटरमामांनी. गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणत. मार्केट यार्डातल्या त्या दुकानाचा बोर्ड ते अठरा वर्षं दर दिवाळीला रंगवत आले होते. यंदा शेठ म्हणाले, कॉम्प्युटरचा करा. मामा सायकल भिंतीला टेकवून आत आले आणि म्हणाले, "ताई, हे तुझ्याकडनं नीट झालं न्हाई तर शेठ मुंबईच्या माणसांना काम देणार. आणि एकदा गेलेलं दुकान परत येत न्हाई. मला यार्डात तेवढंच एक मोठं गिऱ्हाईक हाय."

मी म्हटलं, काळजी नको. शेठनी नमुन्याला दिलेलं हळकुंड मी मोडलं, आतला रंग पडद्याजवळ धरला आणि तासभर आकडे हलवून तंतोतंत पिवळा जुळवला. मामा मागे उभे होते.

"ताई, ह्या पेटीतला रंग वला हाय का सुका?"

मी हसले. "मामा, पडद्यावरचा रंग वाळत नसतो."

"मग कसं कळायचं?"

मला घाई होती. यादीतल्या सातही मुद्द्यांवर खुणा केल्या आणि फ्लॉपी पाठवून दिली.

चार दिवसांनी गुंडाळी आली. शेठच्या दुकानापुढे ती उलगडली, तेव्हा उन्हात दहा बाय वीस फुटांचा फिका पिवळा पसरला होता. हमालही पोती ठेवून बघायला थांबले. शेठ चपला काढून कडेकडेने एक फेरी मारून आले.

"पेंटर, मी काय विकतो?"

"हळद."

"आणि हे?"

मागून एक हमाल म्हणाला, "बेसन." सगळे हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी बोर्ड नव्याने करायला आठ दिवस दिले.

परत येताना मामा माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते सायकल हातात धरून चालत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी डब्यात रंग कालवला तरी आधी पत्र्याच्या पट्टीवर मारतो. वाळला की उन्हात नेतो. डब्यातला वेगळा, पट्टीवरचा वेगळा, उन्हातला आणखी वेगळा."

मी तिथेच रस्त्यात थांबले. पडद्यावरचा रंग हा उजेड असतो, छापलेला रंग शाई असते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण यादीत नव्हतं.

त्या दुपारी आम्ही मामांच्या पत्र्यासारखीच पट्टी कॉम्प्युटरवर केली. वीस चौकोन. पिवळा सगळीकडे शंभर, आणि त्यात मॅजेंटा, म्हणजे छपाईतला गुलाबी, शून्यापासून दोन-दोनाने वाढवत नेलेला. प्रत्येकाखाली आकडा. मामा स्टुलावर बसून म्हणाले, "आकडे बारीक टाक. शेठ आकडा बघून ठरवतील, रंग बघून न्हाई." मी बारीक टाकले. पुण्याच्या छपाईवाल्यांना फोन करून सांगितलं की ही पट्टी बोर्डाच्याच फ्लेक्सवर, त्याच मशीनवर हवी.

पट्टी आली तशी दोघं यार्डात गेलो. शेठनी ती ट्यूबलाइटखाली बघायलाही नकार दिला. उन्हात पायरीवर अंथरली, अडकित्त्यात धरून एक हळकुंड मोडलं आणि आतली बाजू एकेका चौकोनावर ठेवत गेले, माल पारखतात तसेच. पंधराव्यावर हात थांबला.

"हा."

मॅजेंटा अठ्ठावीस. घरी येऊन पडद्यावर तोच आकडा भरला तर नारिंगी दिसत होता. मी आकडा कमी करायला गेले. मामा म्हणाले, "पेटीकडं बघू नगं." मी पट्टीकडे बघत फाइल पूर्ण केली.

दुसरा बोर्ड दुकानावर चढला, तेव्हा शेठ रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग परत आले.

"सगळं हाय. सही कुठाय?"

दरवर्षी उजव्या कोपऱ्यात खाली मामांची सही असायची. माझ्या यादीत तिला जागाच नव्हती.

मामा म्हणाले, "आवं शेठ, मशीननं छापलंय. मी कुठं ब्रश लावलाय?"

"मग दिवाळीला मी कुणाला बोलवायचं? मशीनला?" शेठ हमालाकडे वळले. "शिडी आण रं."

मामांच्या सायकलच्या पिशवीत ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा होताच. ते शिडीवर चढले आणि एका दमात सही करून खाली उतरले. मी म्हटलं, छान दिसतेय.

"थांब," मामा म्हणाले. "अजून वली हाय."

मग आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो, ती वाळेपर्यंत.