पुढे वळलेल्या पंखांवरचं कापड

आमच्या विमान कारखान्याच्या कापडखात्यात तेवीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे शिलाईमावशी म्हणत. त्यांचा नवरा तिथेच फिटर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं. घरी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशी वैमानिकांच्या खुर्च्यांचे पट्टे शिवायला लागल्या. पहिल्या वर्षी तपासनीस त्यांचा प्रत्येक पट्टा ओढून बघायचा. पुढे त्याने ते सोडलं, पण मावशी स्वतः ओढून बघतच राहिल्या.

मी आराखडा विभागात होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

देशाने पहिल्यांदाच पुढे वळलेल्या पंखांचं जेट बनवलं होतं. बहुतेक लढाऊ विमानांचे पंख शेपटीकडे झुकतात. याची टोकं नाकाच्या दिशेला होती. प्रयोगासाठी एकच विमान. अनावरण राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते होणार होतं, आणि विमानावर टाकायचं निळं कापड शिवायचं काम मावशींकडे आलं.

मी मापांचा कागद घेऊन गेलो. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"कागद राहू दे. मला विमानापाशी ने."

फीत लावून त्यांनी सगळं विमान पुन्हा मोजलं. पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यात हात घातला आणि तिथेच थांबल्या.

"ही काख बघ. कापड नाकाकडून मागे ओढलं तर सगळं इथे गोळा होईल. आणि टोकं खुंटीसारखी अडतील ती वेगळीच."

हेच त्यांनी समारंभाची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते, पण घाईत होते.

"मावशी, सात विमानांची अनावरणं केलीत मी. सगळी नाकाकडून शेपटीकडे."

"त्या सातांचे पंख मागे होते, साहेब."

"तुम्ही शिवा. ओढायचं आम्ही बघतो."

मावशींनी शब्दाला शब्द वाढवला नाही. सांगितलं तसं शिवून दिलं. समारंभाला सहा दिवस असताना रंगीत तालीम झाली. कापड कॉकपिटपर्यंत छान सरकलं आणि दोन्ही काखांत बसलं. चौघांनी जोर लावला तेव्हा डाव्या टोकावर टर्रकन फाटलं आणि तिथली वेग मोजायची बारीक नळी वाकली. मुख्य इंजिनिअरांनी साहेबांना जवळ बोलावून ती नळी दाखवली.

"उलटं, पुढे ओढलं तर?" साहेबांनी विचारलं.

"शेपटीत अडकेल," मावशी म्हणाल्या. "मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनमधून पिठाचं एक भरलेलं पोतं मागवलं. साहेबांसमोर त्याच्या तोंडाच्या शिवणीचं एक टोक धरून ओढलं. सगळी शिवण सरसर उसवत गेली आणि पोत्याचं तोंड उघडलं.

"हाच टाका घालायचा. विमानाच्या पाठीवरून, नाकापासून शेपटीपर्यंत. कापडाचे दोन भाग, मध्ये एक दोरा. दोरा निघाला की माणसांनी अर्धं डावीकडे ओढायचं, अर्धं उजवीकडे. पंखावरून बाहेर घसरेल."

"आणि राष्ट्राध्यक्षांच्या हातात काय द्यायचं?"

"दोरा."

"तो मध्येच अडकला तर?"

"अडकू शकतो. म्हणून आधी दहा वेळा करून बघू."

तिसऱ्या खेपेला दोरा खरोखरच शेपटीपाशी अडकला. मावशींनी सगळी शिवण काढली, दोऱ्याला मेण लावलं आणि पुन्हा घातली. नंतरच्या सातही वेळा तो विनातक्रार निघाला. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र समारंभाच्या सकाळीही तशाच होत्या.

त्या दिवशी मावशी शेपटीमागच्या पडद्याआड, दोरा अडकलाच तर कापायला कात्री घेऊन उभ्या होत्या. मी शेजारीच होतो. भाषणं संपली. राष्ट्राध्यक्षांनी दोरा ओढला, कापड कॉकपिटपर्यंत उघडलं आणि लोकांनी टाळ्या सुरू केल्या. टाळ्या ऐकून राष्ट्राध्यक्ष थांबले. त्यांना वाटलं, झालं. बाकीचं विमान अजून झाकलेलंच होतं. टाळ्याही विरल्या. कुणालाच पुढे होऊन बोलायचं धाडस होईना.

"ओढा, ओढा, थांबू नका," पडद्यामागून मावशी म्हणाल्या. गणवेशाचं माप घेताना पोराला सरळ उभं राहायला सांगावं, त्याच सुरात.

राष्ट्राध्यक्षांनी मागे न बघता ओढलं. दोरा शेपटीपर्यंत निघाला, निळं कापड दोन्ही बाजूंना घसरत जमिनीवर आलं आणि ते विचित्र, पुढे झेपावल्यासारखं विमान पूर्ण दिसलं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

"तुमचा आवाज टीव्हीवर गेला," साहेब नंतर येऊन म्हणाले.

"काय करणार? थांबले होते ते."

साहेब काही तरी बोलणार होते, पण त्यांना हसू आलं. त्यांनी खाली बसून मावशींना कापडाची घडी घालायला मदत केली. घडी वाकडी झाली. ते गेल्यावर मावशींनी ती परत घातली.

संध्याकाळी त्या घरी पोचतात तोच नणंदेचा फोन.

"वहिनी, राष्ट्राध्यक्षांवर ओरडलीस ती तूच ना?"

"ओरडले नाही. सांगितलं."

पहिलं उड्डाण चार महिन्यांनी झालं, अकरा मिनिटांचं. मावशी नेमक्या त्या दिवशी दाढ काढायला रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं, तरी त्यांनी हाताने खूण करून उतरण्याचा भाग दोनदा सांगायला लावला.