बांधावरच्या बाभळीचा गाडा

माझ्या लग्नाचं ते पहिलंच वर्ष. आमचं गाव पिंगळीजवळ, यांची नोकरी परभणीला. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली चालल्या त्या दिवसांत गाड्यांचा भरवसा राहिला नाही, म्हणून यांनी तिकडेच खोली केली. घरात मी, सासरे आणि लकव्याने उजवी बाजू गेलेल्या सासूबाई.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. एकदा त्यांनी बांधावरच्या बाभळीची मनगटाएवढी, वाकडी, गाठींनी भरलेली लाकडं अंगणात आणून टाकली. चुलीसाठीच असतील म्हणून मी एक उचललं.

"ते जाळू नको, बाई. कामाचं हाय."

"कशाच्या?"

"बघू. आधी वाळू दे."

लाकडं तडकू नयेत म्हणून कापलेल्या टोकांना शेण लिंपून त्यांनी ती गोठ्यात सावलीला रचली. वाळल्यावर त्यातले बरे तुकडे निवडून, तासून सरळ केले, पटाशीनं भोकं पाडली. मी अंदाज बांधत राहिले. शिडी म्हणावी तर बुटकी, बाज म्हणावी तर अरुंद. मग एका सकाळी ते त्यातल्या त्यात जाड लाकडाच्या गोल चकत्या कापायला लागले आणि माझ्या लक्षात आलं. ही तर चाकं. म्हणजे पांगुळगाडा. चालायला शिकणाऱ्या लेकराचा.

घरात लेकरू नव्हतं, होण्याची चिन्हंही नव्हती. मामा मला काही सुचवायलेत का? की यांनीच सांगितलं असेल? मला लाज वाटली, मग राग आला. पण भाकरी मागताना मामा नेहमीसारखेच मऊ बोलायचे, मग त्या रागाचं काय करावं ते कळेना. हे घरी आले तेव्हाही विचारायला जीभ रेटली नाही.

चकत्या तडकल्या. मामांनी पातळ फळ्या एकीवर एक आडव्या-उभ्या ठेवून लाकडी खुंट्यांनी ठोकल्या आणि त्यांची चाकं केली. गाडा उभा राहिला तर वरचा दांडा माझ्या कमरेला लागायला लागला.

"मामा, एवढ्या उंचावर लेकराचा हात कसा पुरंल?"

ते गोंधळले. "कोणतं लेकरू? तुझ्या सासूला हाय."

बाजेवरून आत्याबाई जड जिभेनं म्हणाल्या, "मी काय आता पांगुळगाडा धरू?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मामांनी गाडा बाजेजवळ ठेवला. मला हायसं वाटलं होतं, आणि आत कुठंतरी रितंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते उमगेना.

पुढं एका दुपारी मामा शेतात असताना आत्याबाई म्हणाल्या, "धर मला." त्यांचा उजवा हात दांड्यावरून घसरायचा, म्हणून मी तो जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधला. पाय ओढत त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. तेवढ्यात मामा बैलं घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले. आत्याबाईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्या हसत होत्या की रडत, ते त्या वाकड्या ओठांवरून मला सांगता येईना. मामांनाही कळलं की नाही, कोण जाणे.

"मागलं चाक कुरकुरायलंय," ते म्हणाले. "तेल घालतो."

नंतर त्या रोज अंगणात चालायच्या. गाड्याबद्दल बरं असं एक अक्षर बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या कुणाला त्याला हातही लावू दिला नाही.