हिंगानोच्या परतीची तारीख

कालोलाइने माझ्याबरोबर सिडनीतल्या एका वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत काम करते. चादरींच्या घड्या दोघींनी मिळून घालायच्या असतात. दोन कोपरे ती धरते, दोन मी. एकमेकींकडे चालत येतो, कोपऱ्याला कोपरा लावतो, पुन्हा मागे सरतो. घडी घालण्याआधी ती प्रत्येक चादर उलटी करून बघते. डाग सापडला तर ती चादर बाजूला टाकते आणि कामाला लागते. सापडला नाही, तर जरा जास्तच गप्प होते.

आमच्या चर्चमधल्या बायका तिला संशयी म्हणतात. मी म्हणत नाही. मला तिच्या उसाची गोष्ट माहीत आहे.

ती दुधाचे दात पडायच्या वयाची असताना आईबाप तिला बोटीने दुसऱ्या बेटावर आत्याकडे घेऊन गेले. आत्याने तिला मागच्या अंगणात नेलं आणि सोललेला ऊस हातात दिला. ऊस चघळून होईपर्यंत आईबापांची बोट लांब गेली होती. कुणी रडलं नाही, कुणी काही समजावलं नाही. आत्याला मूल नव्हतं, तिने मागितलं, भावाने दिलं. आम्हा टोंगाच्या माणसांत आत्याचा शब्द खाली पडत नाही. भावाच्या घरचं डुक्कर, भावाच्या वाडीतला कंद, भावाचं पोर, ती मागेल ते तिचं. आत्या वाईट नव्हती. तिने कालोलाइनेला शाळेत घातलं, मासळीचा मधला तुकडा तिच्या पानात वाढला, आणि मरताना घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई तिच्या हवाली केली. 'तुझ्या आईने विणलेली आहे,' एवढंच म्हणाली. तिने तक्रारीला जागाच ठेवली नाही. आईची चटई आत्याकडे कशी आली, हे मात्र कालोलाइनेने, जी प्रत्येक चादर उलटी करून बघते तिने, कधी विचारलं नाही.

ऊस ती अजूनही खात नाही.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याने, फोलाऊने, घरी जायचं काढलं. त्याच्या आईच्या कबरीवर दगड बसवायचा राहिला होता. नोव्हेंबरात निघायचं, दगड बसवायचा, नाताळ करायचा, नव्या वर्षाचा प्रार्थनेचा आठवडा करायचा आणि मग यायचं. त्यांची मुलगी हिंगानो नऊ वर्षांची, चौथीत. शाळा डिसेंबरच्या मध्याला सुटते, म्हणजे तिला वर्ष संपायच्या आधीच काढावी लागणार. दोघं शाळेत गेले. मिसेस हॉलंड नावाच्या उपमुख्याध्यापिका बाई होत्या. बोलायला गोड. कुणी आजारी आहे का, तिथे अभ्यास कोण घेणार, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"परत येणार आहे ना ती?"

"म्हणजे?" कालोलाइने म्हणाली.

"गेल्या वर्षी आमच्या दोन मुली अशाच घरच्यांबरोबर बेटावर गेल्या. एक अजून आलेली नाही."

फोलाऊ हसला. "आणतो की, मॅडम. आमच्या घरातला टीव्ही तिच्याशिवाय कुणाला लावता येत नाही."

बाईही हसल्या. कालोलाइने हसली नाही. नवऱ्याने विनोद केला, तारीख सांगितली नाही, हे तिने ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, परतीचं तिकीट तारीख न टाकता उघडं ठेवलंय.

"कुणी सांगितलं उघडं ठेवायला?"

"सांगायला कशाला हवं? ताईच्या घरी जायचं आणि तिलाच तारीख सांगायची? ती म्हणेल तेव्हा निघू."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण तोकिलुपे. विधवा, मूलबाळ नाही, वावाऊ बेटावरच्या एका गावात एकटी राहते, चटया विणते. हिंगानोचं नाव तिनेच ठेवलं होतं. हिंगानो म्हणजे केवडा. आमच्यात नाव आत्याच ठेवते, त्यात नवल काही नाही. पण ज्या झाडाच्या पानांच्या चटया विणायच्या त्याच झाडाचं फूल पोरीला नाव म्हणून दिलं, हे कालोलाइनेला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं. नऊ वर्षं नाव हाक मारायला होतं. आता ते खूण करून ठेवल्यासारखं वाटू लागलं.

मग तिकडून निरोप येऊ लागले. पोरीची उंची दोऱ्याने मोजून दोरा पाठवा. ती मासे खाते का? अंधाराला भिते का? आपल्या भाषेतलं बायबल वाचता येतं का?

"हे पाहुणीबद्दल विचारतात?" चादरीचा कोपरा हातात धरून कालोलाइने मला म्हणाली.

"मग कशाबद्दल?"

"माल उतरवून घेताना विचारतात असं."

मी म्हटलं, फोलाऊला सरळ विचारायला सांग. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मलाच माझ्या बोलण्याची लाज वाटली. आमच्यात वाढलेला भाऊ बहिणीच्या खोलीत बसत नाही, तिच्यासमोर थट्टा करत नाही, तिला उलट प्रश्न विचारत नाही. फोलाऊ दाराएवढा आहे, परांचीवर लोखंडी नळ्या खांद्यावर घेऊन चढतो. पण बहिणीचा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहतो, आणि फोन संपेपर्यंत उभाच असतो. तो विचारणार नाही. तिने मागितलं तर नाही म्हणणार नाही.

निघायच्या आधी कालोलाइनेने एक उपाय काढला. आत्याने दिलेली ती बारीक विणीची चटई बरोबर न्यायची आणि पहिल्याच दिवशी, चार माणसांसमोर, नणंदेच्या पुढ्यात ठेवायची.

"एवढं मोठं दिलं की आणखी मागायला तोंड उरत नाही," ती म्हणाली.

"चटईपेक्षा पोर लहान आहे का?"

तिने पुढची चादर उलटी केली.

पुढचं मला तिनेच सांगितलं, परत आल्यावर, एकेक घडी घालत, कित्येक दिवस.

धक्क्यावर तोकिलुपे उभी होती. तिने आधी पोरीला जवळ घेतलं, गालाला नाक लावून खोल श्वास घेतला. भाऊ लांब, सामानापाशी. घरी पोचल्यावर प्रार्थना झाली आणि कालोलाइनेने चटई उलगडली. शेजारच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. तोकिलुपेने वीण तळहाताने चाचपली, चटईकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, कालोलाइनेकडे बघितलं आणि रडू लागली.  चटई उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. कालोलाइनेला वाटलं, जिंकले. ती रडली ते बोलायला जागा उरली नाही म्हणून.

पण हिंगानो रात्री आत्याशेजारी निजू लागली, आणि निजायला अंथरली होती तीच चटई. इतकी भारी चटई कुणी पोराखाली घालतं का? कालोलाइनेने आपलं अंथरूण दाराच्या उंबऱ्याला लावून घातलं. कबरीवर दगड बसला, मेजवानी झाली, नाताळ झाला. पोर उन्हाने काळी झाली, अनवाणी पळायला लागली, पट्ट्या विणायला शिकली. आत्याच्या मांडीला टेकून बसायची आणि वीण चुकली की आत्या तिच्या बोटांवर हलकेच चापट मारायची. कालोलाइने ती चापट बघायची. पाहुण्याला कुणी चापट मारत नाही.

एकदा मागच्या अंगणातून आत्याची हाक आली. कालोलाइने धावत गेली, तर तोकिलुपे सुरीने ऊस सोलत होती आणि पोर हात पुढे करून उभी होती. कालोलाइनेने कांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

"दात खराब होतात."

"आमचे कुठे झाले?" तोकिलुपे म्हणाली आणि समोरचे दोन दात नसलेलं तोंड उघडून स्वतःच हसली. पोरही हसली. कालोलाइने कांडं हातात धरून तशीच उभी राहिली. ते टाकायचं कुठे, हेही तिला सुचेना.

प्रार्थनेचा आठवडा संपला तरी निघायची गोष्ट कुणी काढेना. फोलाऊ दिवसभर वाडीत कंद लावत होता. ज्याचा कंद खायला आपण इथे नसणार, तो माणूस कशाला लावतो? मग एका दुपारी पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला ती धावली. दोरीवर गावच्या शाळेचा गणवेश होता. कोरा, शिवून पहिल्यांदा धुतलेला. तिने तो आपल्या पोरीच्या उंचीशी मनातल्या मनात लावून पाहिला. थोडा मोठाच होता. दोन वर्षं जाईल एवढा.

तोकिलुपे पडवीत विणत बसली होती. कालोलाइने गणवेश घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"हा कुणाचा?"

"हिंगानोचा. या घरात दुसरं कोण आहे शाळेत जाणारं?"

"वन्सं, ती आमच्याबरोबर परत जाणार आहे."

तोकिलुपेची बोटं थांबली. "मग सोडायला कशाला आणलीत?"

"कोण म्हणालं सोडायला आणली?"

"शाळा चालू असताना पोर घेऊन कोण येतं गं? सिडनीचं पोर शाळा सुटायच्या आधी बोटीतून उतरलं की गावातलं कुत्रंसुद्धा समजतं. एक तर बिघडलंय, नाहीतर आईबापांना जड झालंय. तुमचा निरोप आला तेव्हापासून मी डोकं खाजवतेय, या एवढ्याशा पोरीने काय केलं असेल? भाऊ बोलेना. तू नुसती टकमक बघतेस, मी तिला मारते की काय म्हणून. आणि वर चटई."

"चटई तुमच्यासाठी आणली होती."

"रिकाम्या हाताने पोर कुणी सोपवतं का?" तोकिलुपे म्हणाली. "तुला आत्याकडे दिलं तेव्हा तुझ्या आईने तरी रिकाम्या हाताने सोपवलं होतं?"

कालोलाइने सांगते, तेव्हा तिला ते दिसलं. इतकी वर्षं तिला त्या दिवसातला फक्त ऊस आठवत होता. आता धक्क्यापासून घरापर्यंतची वाट आठवली. बाप पुढे चालला आहे, त्याच्या खांद्यावर त्याच्याहून लांब गुंडाळी आहे, ती मागे-पुढे झुलते आहे, आणि आपण त्या झुलणाऱ्या टोकाकडे बघत चाललो आहोत. तीच चटई. तिच्याबरोबर दिलेली. तीच आता ती आपल्या हाताने घेऊन आली होती, पोरीचा हात दुसऱ्या हातात धरून.

बाहेर पावसात फोलाऊ उभा होता, हातात खणती. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो पडवीत येऊ शकत नव्हता आणि निघूनही जात नव्हता.

कालोलाइने खाली जमिनीवर बसली, नणंदेच्या पायांपाशी, तिच्याहून खाली.

"वन्सं, तुम्ही मागितलंत तर तो देईल. मलाही नाही म्हणता येणार नाही. म्हणून मागू नका."

 तोकिलुपेने एक पट्टी उचलली, दुसरीखालून घेतली, ओढली, पुन्हा सैल केली.

"मी मागितलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दिलंत म्हणून घेतलं. तिच्या वाटचं ताट वेगळं केलं. देवाला सांगितलं. आता त्यालाही उलटं सांगायचं." मग नेहमीच्या आवाजात, "तारीख तू ठरव. भावाला सांग, ताईने ठरवली."

"आणि चटई?"

"राहू दे. परत पाठवली तर गाव म्हणेल, मी चिडले."

पुढच्या बोटीने ते निघाले. पोर धक्क्यावर खूप रडली. तोकिलुपे रडली नाही. हात रिकामे, काठावर उभी राहिली. बोट लांब जाईपर्यंत कालोलाइनेने पोरीला मनगटाला धरून ठेवलं होतं. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते, असं फोलाऊने मला सांगितलं.

शाळा उघडली त्या दिवशी मिसेस हॉलंड फाटकापाशी होत्या. हिंगानोला बघून त्या इतक्या खूश झाल्या, की त्यांनाही किती शंका होती ते कालोलाइनेला तेव्हा कळलं. चला, निभावलं, मी लॉन्ड्रीत तिला म्हटलं. घडी घालताना तिने कोपरा सोडला नाही.

"तो गणवेश मी उलटा करून बघितला," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी. आतल्या बाजूला घडीच्या रेघा होत्या. फिक्या. कापड कपाटात वर्षानुवर्षं पडून असल्याशिवाय अशा रेघा पडत नाहीत. आमचा निरोप जायच्या कितीतरी आधीचं कापड होतं ते."

"दुकानातच जुनं असेल. बेटावरची दुकानं ती."

"असेल."

"नाहीतर बिचारीने कधीचं आणून ठेवलं असेल, कुणासाठी तरी. मूल होईल म्हणून."

"तेही असेल," कालोलाइने म्हणाली, आणि चादर उलटी केली.

मी तिला आणखी काही समजावलं नाही. तोकिलुपे खोटं बोलली असेल असं मला वाटत नाही. पण खरं बोलणाऱ्या माणसाच्या कपाटातही कापड असतंच.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर मी त्यांच्याकडे जेवायला होते. वावाऊहून फोन आला, फोलाऊने तो स्पीकरवर लावला. हिंगानोने आत्याला शाळेतलं काय काय सांगितलं, चित्रात पहिला नंबर आला तेही सांगितलं. मग तिने विचारलं, माझी चटई आहे ना गं आत्या?

कालोलाइने ताटं मांडत होती. ती थांबली.

"अंथरलेलीच आहे," पलीकडून आवाज आला, सगळ्यांना ऐकू येईल असा. फोन फोलाऊच्या हातात होता, आणि तो उभा होता.