ती बाई कोण, ते कळलंच नाही

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घोडेगावजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते... सोमवार हा गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस.

त्या वर्षी एचआयव्हीचा सर्व्हे सुरू होता. तपासणीतून उरलेलं थोडं रक्त वेगळ्या नळीत घालायचं, बाईचं नाव-गाव काढून फक्त दवाखान्याचं नाव ठेवायचं आणि नगरला पाठवायचं. आजार किती पसरलाय ते सरकारला कळावं, पण माणूस उघडा पडू नये, म्हणून.

एकदा आमच्या डॉक्टर मॅडम नगरच्या मीटिंगहून बातमी घेऊन आल्या. आमच्याकडची एक बाई पॉझिटिव्ह निघाली होती... कोण, ते शोधायला वाटच नव्हती. पुढच्या सोमवारी ती माझ्यासमोर हात पुढे करून बसेल आणि मला ओळखूही येणार नाही, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

मग मॅडम प्रत्येकीला बाजूला घेऊन समजावू लागल्या. नवऱ्याला घेऊन ये, दोघांची रीतसर तपासणी करू, बाहेर कुणाला कळणार नाही. बऱ्याच जणी मान हलवून गेल्या, त्या गेल्याच.

त्यांतली लता मात्र नवऱ्याला घेऊन आली. दत्तू जनावरांचा व्यापारी, सतत बाजार फिरणारा. दोन वर्षं टीबीची औषधं खाऊन नुसता सापळा उरला होता. इतके डॉक्टर झाले, पण ही तपासणी कुणी केलीच नव्हती...

रक्त देताना तो हळूच म्हणाला, "माझं कायबी निघू द्या. हिचं आन पोटातल्या लेकराचं तेवढं बघा."

तो पॉझिटिव्ह निघाला. आम्हाला वाटलं, सापडली ती बाई. पण लता निगेटिव्ह होती... तिला लागण होऊ नये म्हणून मॅडमनी दोघांना निरोध वापरायला समजावलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरीही निगेटिव्ह.

दत्तूला फार उशीर झाला होता. तेव्हा एचआयव्हीवरची औषधं आमच्या भागातल्या माणसांच्या आवाक्यात नव्हती. वर्षाच्या आत तो गेला. शेवटच्या भेटीत मॅडमना म्हणाला, "मला लई उशिरा कळालं. पर हिच्यासाठी येळेत कळालं."

लता आणि तिची मुलगी आज ठणठणीत आहेत.

सर्व्हेत पॉझिटिव्ह निघालेली ती बाई आम्हाला कधीच सापडली नाही. तिला स्वतःला तरी कळलं का, वेळेत कळलं का, देव जाणे... तिच्या रक्तानं या दोघींना वाचवलं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.